लहान विमानांच्या अस्सलपणाविषयीं कांहीं विचार

इतिहाससंशोधकाच्या हातीं जुना कागद आला म्हणजे तो प्रथम मजकूर वाचीत नाहीं, कागद पाहतो. कागद कोणत्या जातीचा, शाई कोणती, अक्षराचें वळण कोणत्या पिढीचें, शिक्का मूळचा कीं मागाहून उठविलेला, ओळींमध्यें कोणीं कांहीं घुसडलें आहे काय, ह्या गोष्टींचा निकाल लागल्यावांचून मजकुराची किंमत ठरत नाहीं. ही पद्धति आमच्या वाचकांच्या अंगवळणीं पडलेली आहे. तीच पद्धति लांकूड, कापड व लोखंड ह्यांच्या वस्तूंस, आणि विशेषतः ज्यांचें वय फार तर सव्वाशें वर्षांचें आहे अशा विमानांस लावली असतां काय हातीं लागतें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विमानांपैकींहि लढाऊ व प्रचंड उतारू विमानें आम्ही बाजूस ठेवतों. आमचा ओढा पहिल्यापासून लहान विमानांकडे आहे. एक किंवा दोन माणसें बसतील, चार माणसांनीं ढकललें तर हलेल, आणि ज्याची निम्मी विद्या सुताराला व शिंप्याला घरचीच वाटेल, असें विमान पाहण्यासाठीं आम्ही वाट वांकडी करून संग्रहालयांत जातों.

हा ओढा निव्वळ हौसेचा आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मोठ्या विमानाचा इतिहास बहुधा कारखान्याच्या व सरकारच्या दप्तरांत सांपडतो. लहान विमान एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेलें, उघड्यावर राहिलेलें, शेतांत उतरलेलें, गांवच्या लोहाराकडून डागडुजी करून घेतलेलें असें असतें. त्यामुळें त्याच्या इतिहासाचा पुष्कळसा भाग त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो. ठिगळ, बुजविलेलें भोंक, बदललेली दांडी हे त्यांतील शेरे होत. ते वाचतां आले पाहिजेत, आणि वाचण्याजोगे शिल्लकहि राहिले पाहिजेत.

ज्या विमानानें ही जात खऱ्या अर्थानें रूढ केली तें इंग्लंडमधील 'मॉथ' होय. जेफ्री डी हॅविलंड ह्यांनीं तें २२ फेब्रुवारी १९२५ रोजीं स्टॅग लेन येथील मैदानावरून प्रथम उडविलें. डी हॅविलंड हे फुलपांखरें व पतंग ह्यांचे अभ्यासक होते. म्हणून 'मॉथ', म्हणजे पतंग, हें नांव. पुढें ह्याच घराण्यांत पुस मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ अशीं भावंडें जन्मलीं. पंख मागें दुमडून ठेवण्याची सोय असल्यामुळें पतंगाची उपमा आणखी एका अंगानें खरी ठरली. तीस फूट पसरणारें हें विमान पंख मिटल्यावर साध्या गोठ्याएवढ्या जागेंत मावत असे. ह्या विमानाच्या इंजिनाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. पहिलें महायुद्ध संपल्यावर रेनॉ कंपनीचीं आठ सिलिंडरांचीं इंजिनें शिलकी माल म्हणून पडून राहिलीं होतीं. फ्रँक हालफर्ड नांवाच्या इंजिनियरानें त्यांतील निम्मे सिलिंडर घेतले, त्यांस नवा तळभाग करून दिला, आणि चार सिलिंडरांचें साठ अश्वशक्तीचें 'सिरस' इंजिन तयार केलें. म्हणजे सामान्य माणसाला परवडेल असें पहिलें यशस्वी विमान युद्धाच्या मोडीवर उभें राहिलें. मोडीचा सांठा संपत आला तेव्हां हालफर्ड ह्यांनींच १९२७ सालीं 'जिप्सी' हें स्वतंत्र इंजिन सिद्ध केलें. त्याच सुमारास ब्रिटिश सरकारनें विमान-क्लबांस द्रव्यसाह्य देण्याची योजना अमलांत आणलेली होती. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळें वकील, व्यापारी, कारकून, विद्यार्थी अशा माणसांच्या हातीं विमानाची दांडी आली.

मॉथची रचना समजून घेतल्यावांचून पुढील वाद उमगणार नाहीं. धड प्लायवुडचें, चौकोनी पेटीसारखें. पंखांच्या तुळया स्प्रूस लांकडाच्या. फांसळ्या हलक्या पट्ट्यांच्या. ह्या सांगाड्यावर कापड ताणून तें प्रत्येक फांसळीला मेणलावल्या दोऱ्यानें शिवावयाचें, टाक्यांवर कापडाची पट्टी चिकटवावयाची, आणि वर 'डोप' नांवाचें रोगण चढवावयाचें. रोगण सुकतांना कापड आखडतें व नगाऱ्याच्या कातड्यासारखें ताठ होतें. पेट्रोलची टांकी वरच्या पंखाच्या मधोमध. तेथून पेट्रोल आपल्याच वजनानें इंजिनांत उतरतें, पंपाची गरज नाहीं. चाकांस ब्रेक नाहींत. शेपटीखालीं एक दांडा असतो, तो गवतांत रुतून विमान थांबवितो. म्हणून ह्या विमानास गवताचें मैदान हवें. सिमेंटच्या धांवपट्टीवर तें पाहुण्यासारखें अवघडून असतें. चालू करावयाचें म्हणजे चाकांपुढें लांकडाचे ठोकळे लावून एका माणसानें प्रॉपेलर हातानें फिरवावयाचा. ह्या सर्व सामानांत असा एकहि भाग नाहीं कीं जो कालांतरानें बदलावा लागत नाहीं. कापड पिकतें, लांकडाचे सांधे सुटतात. त्या काळीं दुधाच्या केसीनपासून केलेला सरस वापरीत. तो ओल धरतो. इंजिनाचे सुटे भाग ठराविक तास झाले कीं काढावे लागतात.

आतां प्रश्न असा कीं, ज्याचें कापड चार वेळां बदललें, तुळया एकदां बदलल्या, आणि इंजिन दुसऱ्याच विमानाचें बसविलें, तें १९२८ सालचें विमान आहे काय?

बेडफर्डशायरमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहालय पाहत असतां हा प्रश्न पावलोपावलीं उभा राहतो, कारण तेथील विमानें उडतात. हा संग्रह रिचर्ड शटलवर्थ ह्या तरुण गृहस्थानें सुरू केला. त्यांचा जन्म १९०९ सालचा. १९४० च्या ऑगस्टमध्यें वायुदलाच्या रात्रीच्या सरावांत विमान कोसळून ते वारले, आणि त्यांच्या मातोश्री डोरोथी ह्यांनीं १९४४ सालीं मुलाच्या स्मरणार्थ विश्वस्तनिधि स्थापला. आजहि तेथें गवताचेंच मैदान आहे. नेमलेल्या दिवशीं विमानें बाहेर काढतात. वारा अधिक असला तर अतिवृद्ध मंडळी शेडमध्येंच राहतात. त्यांतील सर्वांत वृद्ध म्हणजे १९०९ सालचें ब्लेरिओ. तीन सिलिंडरांचें पंचवीस अश्वशक्तीचें आंझानी इंजिन, उघडा सांगाडा, सायकलसारखीं चाकें. तें मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे माणसाच्या डोक्यावरून जेमतेम जाईल अशी उडी मारतें व उतरतें. इतक्यावरच त्याची बोळवण करतात, आणि तें योग्यच आहे.

आमचें मन मात्र तेथील हर्मिस मॉथजवळ अधिक रमलें. जी-ईबीडब्ल्यूडी ही त्याची नोंदणीचीं अक्षरें. रिचर्ड शटलवर्थ ह्यांनीं १९३२ सालीं घेतलेलें हें त्यांचें पहिलें विमान, आणि तेव्हांपासून त्याचा मुक्काम ह्याच मैदानावर आहे. आम्ही त्याच्या खालच्या पंखाशीं बराच वेळ उभे होतों. फांसळ्यांवरील टाक्यांच्या ओळी रोगणाखालूनहि बोटाच्या अंतरानें मोजतां येतात. हें शिवण १९२८ सालचें नव्हे, हें उघड आहे. पण शिवण्याची रीत, टाक्यांतील अंतर, गांठीची तऱ्हा हीं पिढीमागून पिढी एका कारागिरानें दुसऱ्यास शिकविलेलीं आहेत. कांचेच्या पेटींत ठेवलेल्या विमानाला ही परंपरा चालू ठेवतां येत नाहीं. विमान उडावयाचें असल्यामुळें तें शिवणारा माणूस टिकून राहतो, आणि त्याबरोबर त्याचा हातहि टिकून राहतो. जुन्या पोथ्यांच्या बाबतींत हेंच झालेलें आहे. मूळ पोथी गेली, पण नकलाकारांनीं नक्कल करण्याची शिस्त राखली म्हणून पाठ आमच्यापर्यंत पोंचला.

ह्याच्या नेमक्या उलट टोकाला लंडनच्या सायन्स म्यूझियममधील 'जेसन' हें विमान आहे. हेंहि मॉथच, जिप्सी इंजिनाचें. अॅमी जॉन्सन ह्या सव्वीस वर्षांच्या तरुणीनें तें वडिलांच्या व लॉर्ड वेकफील्ड ह्यांच्या मदतीनें सहाशें पौंडांस जुनें विकत घेतलें. वडील हल येथील मासळीचे व्यापारी. त्यांच्या मालाचा छाप 'जेसन', तेंच नांव विमानास दिलें. बाईंजवळ विमान-दुरुस्तीचा सरकारी परवाना होता, आणि ब्रिटिश स्त्रियांत तो त्यांनींच प्रथम मिळविला होता. ही गोष्ट त्यांच्या धाडसाच्या वर्णनांत बहुधा मागें पडते, पण आमच्या मतें तीच मुख्य आहे. ५ मे १९३० रोजीं त्या क्रॉयडनहून एकट्या निघाल्या, सहा दिवसांत कराचीस पोंचल्या, आणि २४ मे रोजीं ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथें उतरल्या. विमानाच्या कुशीला एक जादा प्रॉपेलर दोरीनें बांधलेला होता.

कराचीहून त्या अलाहाबादेस जाण्यास निघाल्या होत्या. पेट्रोल कमी पडलें म्हणून झांशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरल्या, आणि तेथें धांवतां धांवतां पंख आपटून तो दुखावला. झांशी हें नांव वाचतांच मराठी वाचकाचें मन दुसरीकडे जाईल, त्यास इलाज नाहीं. तेथें पंख तात्पुरता सांधून त्या पुढें गेल्या. ब्रह्मदेशांत रंगूनजवळ इन्सीन येथें विमान खड्ड्यांत जाऊन प्रॉपेलर, चाकें व पंख मोडले. तेथील यंत्रविद्येच्या शाळेंतील मंडळींनीं डागडुजी केली, आणि पंखासाठीं लागणारें कापड जुन्या शर्टांचें मिळविलें अशी हकीकत सांगतात. ते शर्ट मुळांत युद्धानंतर विकल्या गेलेल्या विमानी कापडाचेच शिवलेले होते म्हणे. पुढें ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें उतरतांना तें विमान उलटलें. तेंच १९३१ सालीं सायन्स म्यूझियमच्या संग्रहांत दाखल झालें, तें आजतागायत उडालेलें नाहीं. अॅमी जॉन्सन ह्या ५ जानेवारी १९४१ रोजीं युद्धकाळांतील विमान पोंचविण्याच्या कामावर असतां टेम्सच्या मुखाशीं मृत्यु पावल्या.

ओल्ड वॉर्डनचा पक्षपाती म्हणेल कीं, 'जेसन' म्हणजे खुंटीला टांगलेला सांगाडा. त्याचें इंजिन मुकें, त्याचा वास गेलेला. सायन्स म्यूझियमचा पक्षपाती म्हणेल कीं, ओल्ड वॉर्डनचें मॉथ म्हणजे वारंवार नवी लिहिलेली बखर. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, पण आम्ही एक तिसरी कसोटी लावूं इच्छितों. बदल झाला कीं नाहीं हा खरा प्रश्न नव्हे. बदलाची नोंद राहिली कीं नाहीं हा खरा प्रश्न आहे. 'जेसन'ची प्रत्येक मोडतोड तारीखवार ठाऊक आहे, म्हणून त्याचीं ठिगळें हीं त्याच्या अस्सलपणाचींच अंगें होत. ओल्ड वॉर्डनच्या मॉथचें प्रत्येक काम वहींत चढलेलें असतें, कारण त्यावांचून त्यास उडण्याची परवानगीच मिळत नाहीं.

नोंद दडविली म्हणजे काय अनर्थ होतो, ह्याचें उदाहरण अमेरिकेच्या इतिहासांत घडून गेलें आहे. सॅम्युअल लँगले ह्यांचें 'एअरोड्रोम' हें यंत्र १९०३ सालीं ऑक्टोबरांत एकदां व डिसेंबरांत एकदां, असें दोन वेळां पोटोमॅक नदींत पडलें. त्याच १७ डिसेंबरास राइट बंधूंचें विमान उडालें. लँगले हे स्मिथ्सोनियन संस्थेचे चिटणीस होते. १९१४ सालीं ग्लेन कर्टिस ह्यांनीं लँगलेंचें यंत्र हॅमंड्सपोर्ट येथें नेऊन त्यांत पुष्कळ फेरफार केले, तें पाण्यावरून थोडेसें उडविलें, आणि नंतर त्यास पुन्हां १९०३ च्या रूपांत आणून स्मिथ्सोनियननें तें मांडून ठेवलें. पाटी अशी लावली कीं, मनुष्यासह उडण्यास समर्थ असें हें जगांतील पहिलें विमान. फेरफारांचा उल्लेख नाहीं. कागदाच्या भाषेंत बोलावयाचें तर ओळींमध्यें मजकूर घुसडून काम साधलें, आणि मग तो खरडून काढला. ऑरव्हिल राइट ह्यांनीं ह्यावर चिडून आपलें मूळ विमान १९२८ सालीं लंडनच्या सायन्स म्यूझियमकडे पाठविलें. स्मिथ्सोनियननें १९४२ सालीं फेरफारांची यादी छापून आपलें विधान मागें घेतलें, तेव्हां तें परत जाण्याचा मार्ग मोकळा झाला. १७ डिसेंबर १९४८ रोजीं तें वॉशिंग्टन येथें मांडलें गेलें. ऑरव्हिल त्याच वर्षीं जानेवारींत वारले होते. आतां गंमत अशी कीं, राइट बंधूंच्या ह्या विमानावरील कापडहि १९०३ चें नाहीं. तें १९२७ सालीं ऑरव्हिल ह्यांनीं स्वतः बदललें, आणि १९८५ सालीं पुन्हां बदललें गेलें. तथापि त्यास कोणी बनावट म्हणत नाहीं, कारण कोणतें कापड केव्हां चढलें हें उघड नोंदलेलें आहे.

ही कसोटी घेऊन आम्ही आपल्या देशाकडे वळतों, आणि येथें मन थोडें खिन्न होतें.

ओल्ड वॉर्डनमध्यें 'कॉम्पर स्विफ्ट' नांवाचें चोवीस फूट पंखांचें, एकाच माणसाचें, पॉबजॉय इंजिनाचें तांबडें विमान आहे. तें मुळांत हिंदुस्थानांत नोंदलेलें होतें. त्याचीं त्या वेळचीं अक्षरें व्हीटी-एडीओ. त्याचे धनी आल्बन अली हे येथील एक चहामळेवाले. त्यांनीं त्यास 'स्कार्लेट एंजल' असें नांव दिलें. १९३३ च्या फेब्रुवारींत दिल्लीस व्हाइसरॉयच्या चषकासाठीं विमानांची शर्यत झाली, तींत हें विमान होतें. त्याच शर्यतीसाठीं रिचर्ड शटलवर्थ व जॉर्ज स्टेड हे दोघे आपापलीं स्विफ्ट विमानें ओल्ड वॉर्डनहून दिल्लीपर्यंत उडवीत आले होते. म्हणजे संग्रहालयांत आज आहे तें रिचर्ड ह्यांचें स्वतःचें विमान नव्हे, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचें आहे. पण हिंदुस्थानच्या आकाशांत १९३३ सालीं उडालेलें एक लहान विमान उडत्या स्थितींत पाहावयाचें तर बेडफर्डशायरला जावें लागतें, ही गोष्ट त्यावरून सिद्ध होते.

त्या वर्षांत येथें लहान विमानांचा तुटवडा होता असें नाहीं. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ सालीं निघाला. जे. आर. डी. टाटा ह्यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजीं येथील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक-परवाना मिळाला. १९३० सालीं आगाखानांनीं इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांमधील एकट्यानें करावयाच्या उड्डाणास पांचशें पौंडांचें बक्षीस लावलें, तेव्हां मनमोहन सिंग, अॅस्पी इंजिनियर व टाटा हे तिघे जिप्सी मॉथ घेऊन उतरले. अॅस्पी तेव्हां सतरा वर्षांचे होते. ते इंग्लंडकडून येत होते, टाटा कराचीहून जात होते. इजिप्तमध्यें दोघांची गांठ पडली, अॅस्पी स्पार्क-प्लगांच्या अडचणींत सांपडलेले पाहून टाटांनीं आपल्याजवळचे दिले, आणि बक्षीस अॅस्पींनींच जिंकलें. पुढें ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

टपालविमानांचा प्रारंभ तर आमच्या प्रांताशीं निगडितच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटा पुस मॉथमधून कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरून दुपारीं जुहूस पोंचले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं टपाल बल्लारीवरून मद्रासेस नेलें. भांडवल काय, तर दोन जुनीं पुस मॉथ व जुहूस झावळ्यांनीं शाकारलेली एक शेड. जुहूचें मैदान समुद्राच्या कांठची चिखलाची जमीन. पावसाळ्यांत भरतीचें पाणी तेथें शिरे, म्हणून त्या महिन्यांत सर्व कारभार पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवीत. पुण्याच्या स्थानिक इतिहासांत ह्या गोष्टीस मिळावें तेवढें स्थान मिळालेलें नाहीं.

पुस मॉथविषयीं एक तपशील येथें नोंदण्यासारखा आहे. हीं विमानें निघाल्यावर थोड्याच काळांत त्यांतील कांहीं हवेंतच मोडून पडलीं. चौकशीअंतीं दोष पंखाच्या आधारदांडीच्या कंपनाचा असल्याचें ठरलें, आणि तींस आवरण्यासाठीं एक लहान जोडदांडी बसविण्यांत आली. त्या जोडदांडीवरून पुस मॉथच्या छायाचित्राचा काळ ठरवितां येतो. एखाद्या पत्राचा काळ त्यांतील मायन्यावरून ठरवावा तसाच. अशा खुणा ओळखणारा माणूस जवळ नसेल, तर जुन्या छायाचित्राखालीं कोणतीहि तारीख खपून जाते.

त्या दोन पुस मॉथांच्या स्मरणार्थ १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, टाटांनीं कराची-मुंबई उड्डाण पुन्हां केलें. प्रसंग मोठा हृद्य होता ह्यांत संशय नाहीं. पण त्यासाठीं वापरलेलें विमान लेपर्ड मॉथ होतें. लेपर्ड मॉथचा पहिला नमुनाच मुळीं १९३३ सालीं उडाला, म्हणजे ज्या घटनेचें स्मरण करावयाचें तींनंतर. एखाद्या पत्रांत त्या तारखेस अद्याप गादीवर न आलेल्या राजाचें नांव यावें तसें हें झालें. स्मरणोत्सवास तो दोष नव्हे; उत्सवाला इतकी बारकाई लागत नाहीं. परंतु त्या उत्सवाचीं छायाचित्रें उद्यां १९३२ चीं म्हणून पुस्तकांत शिरलीं, तर तें कोणाच्या ध्यानांत येईल?

लांकडी विमानें आपल्याकडे टिकलीं नाहींत ह्यास हवा पुष्कळ अंशीं जबाबदार आहे. पावसाळ्यांत केसीनचा सरस सुटतो, वाळवी लागते, कापडास बुरशी येते. डी हॅविलंड ह्यांनीं परदेशच्या हवेसाठीं लोखंडी नळ्यांच्या धडाचें मॉथ काढलें तें ह्याचकरितां. पण सर्व दोष हवेवर टाकणें बरें नव्हे. दिल्लीस पालम येथें वायुसेनेचें संग्रहालय १९६७ सालीं उघडलें. तेथें टायगर मॉथ आहे, आणि वापिटी हें विमानहि आहे. १ एप्रिल १९३३ रोजीं निघालेल्या वायुसेनेच्या पहिल्या तुकडीस वापिटी विमानेंच मिळालीं होतीं. म्हणजे सेनेनें आपलें जपलें. क्लबांचें, टपालाचें व हौशी लोकांचें जपणारा कोणी निघाला नाहीं.

ह्या उदासींत एक समाधानाची जागा आहे, ती गोव्यांत. दाबोळी येथील नौसेनेच्या विमान-संग्रहालयांत, समुद्रावरील लढाऊ विमानांच्या व एका अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनच्या सोबतीला, एचटी-२ नांवाचें दोन आसनांचें शिकाऊ विमान उभें आहे. येणारी मंडळी बहुधा त्यास ओलांडून मोठ्या विमानाकडे जातात. आमच्या मतें त्या आवारांतील सर्वांत थोर वस्तु तीच होय. भारतांत आंखून भारतांत बांधलेलें पहिलें इंजिनाचें विमान तें हेंच; १९५१ च्या ऑगस्टांत तें प्रथम उडालें. आंखणी करणाऱ्या मंडळीचे प्रमुख डॉ. विष्णु माधव घाटगे. १९०८ सालीं जन्मलेल्या ह्या मराठी गृहस्थांनीं जर्मनींत गटिंगेन येथें लुडविग प्रांटल ह्यांच्या हाताखालीं अभ्यास करून १९३६ सालीं पदवी मिळविली, आणि पुढें ते बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत गेले. तो कारखाना १९४० च्या डिसेंबरांत सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनीं काढलेला. एचटी-२ चा पहिला नमुना जिप्सी मेजर इंजिनावर उडाला, पुढील विमानांस सिरस मेजर बसविलें. ज्या दोन इंजिन-घराण्यांचा उगम हालफर्डच्या मोडींत झाला, त्यांचीच हीं पुढील पिढी. तें विमान धातूचें असल्यामुळें वाळवीच्या तावडींतून सुटलें.

घाटग्यांचें नांव मराठी घरांत किती जणांस ठाऊक आहे? त्याच घरांत शिवकर बापूजी तळपदे ह्यांचें नांव मात्र हटकून ठाऊक असतें. तळपदे ह्यांनीं १८९५ सालीं मुंबईस चौपाटीवर विमान उडविलें ही कथा अनेकांच्या अभिमानाचा विषय झालेली आहे. तळपदे हे खरे गृहस्थ होते. त्यांस ह्या विषयाचा ध्यास होता. त्यांच्या उद्योगाची टवाळी करण्याचें कारण नाहीं. परंतु त्या उड्डाणास दुजोरा देणारा समकालीन कागद अद्यापि पुढें आलेला नाहीं, यंत्राचा एक खिळा दाखविला गेलेला नाहीं. ह्या कथेशीं जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच संशोधकांनीं १९७४ सालीं केली. ग्रंथ विसाव्या शतकांत रचलेला असून त्यांत वर्णिलेलीं यंत्रें उडण्याजोगीं नाहींत असा त्यांचा निर्णय आहे. शिवकालीन बनावट पत्रांस जो नियम आपण लावतों, तो येथें शिथिल करण्यास आम्हांस कोणतेंहि कारण दिसत नाहीं. दाबोळीचें एचटी-२ हातानें चांचपून पाहतां येतें, त्याच्या रिबिटांची ओळ मोजतां येते. आणि अभिमानच बाळगावयाचा तर त्यास तो पुरून उरेल.

आतां करण्याजोगें काय राहिलें आहे तें सांगतों. त्या काळच्या नियमांनुसार विमानाबरोबर वह्या ठेवीत: विमानाची एक, इंजिनाची एक, प्रवासाची एक. तुळई केव्हां बदलली, कोणत्या मैदानावर किती वेळ उतरलें, इंजिन कोणत्या विमानांतून काढून कोणत्यांत घातलें, हें सर्व त्यांत तारीखवार व सहीनिशीं चढविलेलें असे. वैमानिकाची स्वतःची वही निराळी. विमानें मोडींत गेलीं तरी ह्या वह्या पुष्कळदां घरीं राहिल्या. क्लबांत शिकलेल्या मंडळींच्या वारसांकडे, जुन्या मिस्त्र्यांच्या पेट्यांत, कपाटाच्या वरच्या फळीवर त्या असण्याचा संभव फार आहे. मुंबई, पुणें, नाशिक, कोल्हापूर, नागपूर ह्या ठिकाणच्या वाचकांनीं आपापल्या परिचितांकडे चौकशी करावी. वही देण्यास कोणी राजी नसेल तर पानांचीं छायाचित्रें घ्यावीं, नोंदणीचीं अक्षरें व इंजिनाचा क्रमांक तेवढा न चुकतां उतरून घ्यावा. आणि वहींत कापडाचा तुकडा किंवा रोगणाचा डाग असला, तर तो पुसूं नये.